अ‍ॅनफिल्ड मोठं झालं, आणि मागची गल्ली?

लाल मफलर · शनिवार, २२:४७

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कुणीतरी लिहिलं, "लिव्हरपूल फुटबॉल क्लबने आपलं अ‍ॅनफिल्ड स्टेडियम वाढवलं, आता ६१ हजार लोक बसतात, सगळ्या परिसराचं सोनं झालं." हे सोनं काही घशाखाली उतरेना, म्हणून हा धागा. आधीच सांगतो, मी लिव्हरपूलचा कट्टर आहे. २००५ ची इस्तंबूलची फायनल जागून बघितली आहे, हाफटाइमला ०-३ असताना झोपायला निघालेल्या भावाला हाताला धरून बसवलं होतं. तेव्हा शत्रुपक्षाचा समजून तुटून पडू नका.

२०१३ मध्ये कामानिमित्त काही आठवडे मँचेस्टरला होतो. एका रविवारी ट्रेनने लिव्हरपूल आणि तिथून बसने अ‍ॅनफिल्ड. मॅच नव्हती. म्युझियम, स्टेडियमची टूर, बोगद्यातल्या पाटीला हात लावणं, सगळं साग्रसंगीत झालं. बाहेर आलो आणि मेन स्टँडच्या मागच्या गल्लीत शिरलो. फोटोला बरी जागा मिळेल, एवढाच हेतू.

ती गल्ली म्हणजे लोथेर रोड. लाल विटांची, एकाला एक चिकटलेली दुमजली घरं. दारं-खिडक्यांवर पत्रे ठोकलेले. एका घराला, दुसऱ्याला, पाचव्याला, दहाव्याला. मध्येच एका घराच्या खिडकीत पडदे आणि दाराशी पायपुसणं. म्हणजे आत कुणीतरी राहत होतं, डावीकडे पत्रा, उजवीकडे पत्रा आणि मागे आपलं अ‍ॅनफिल्ड. मी फोन खिशात टाकला.

परत आल्यावर वाचत बसलो. त्याच वर्षी मे महिन्यात 'द गार्डियन'मध्ये डेव्हिड कॉन यांनी या गल्लीवर मोठा लेख लिहिला होता. त्यात होतं ते असं: नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून क्लब तिथली घरं विकत घेत होता, त्यातली काही स्वतःचं नाव पुढे न करता. घेतलेली बरीचशी घरं रिकामी ठेवली. रिकाम्या घरांमुळे गल्ली ओसाड, ओसाड गल्लीत चोऱ्या नि जाळपोळ, त्यामुळे उरलेल्यांच्या घरांची किंमत घसरलेली. मग घसरलेल्या किमतीला विकायचं की पत्र्यांच्या मध्ये राहायचं, एवढाच प्रश्न उरतो.

आणि क्लबला काही घाई होती का? हाच तर कळीचा मुद्दा. २००० नंतर योजना होती ती शेजारच्या स्टॅन्ली पार्कात नवं ६० हजारांचं स्टेडियम बांधायची. परवानगीही मिळाली. २००७ च्या फेब्रुवारीत हिक्स आणि जिलेट हे अमेरिकन मालक आले आणि ६० दिवसांत फावडं जमिनीत घालू म्हणाले. ते फावडं कुणाला दिसलं नाही. २००८ ची मंदी, क्लबवर कर्जाचा डोंगर, २०१० मध्ये फेनवे ग्रुप हे नवे मालक, आणि २०१२ च्या ऑक्टोबरमध्ये घोषणा: आम्ही इथेच राहणार, अ‍ॅनफिल्डच वाढवणार. त्यानंतर मात्र गाडी सुसाट. घरं पाडली, डिसेंबर २०१४ मध्ये काम सुरू, सप्टेंबर २०१६ मध्ये लेस्टरविरुद्ध नवा मेन स्टँड खुला. साडेआठ हजार जागा वाढल्या, एकूण ५४ हजारांच्या घरात.

बांधकाम दोन वर्षांचंसुद्धा नाही. त्याआधीची वाट पाहणं मात्र जवळजवळ वीस वर्षांचं. माझं म्हणणं असं की वस्तीचं वाटोळं क्रेन आणि काँक्रीटने केलं नाही, ते या "बघू, करू, ठरवू"ने केलं. पहिल्याच वर्षी सरळ सांगून, योग्य पैसे देऊन गल्ली घेतली असती, तर भांडणं झाली असती, कोर्टकचेऱ्या झाल्या असत्या, पण एक पिढी पत्र्यांकडे बघत मोठी झाली नसती.

तुम्हाला काय वाटतं? आणि कुणी स्टेडियमजवळ राहिलं असेल तर जरूर लिहा.

तिसरा पंच · शनिवार, २३:०५

वाचनखूण साठवली. सकाळी चष्मा लावून वाचतो. तूर्तास शिट्टी माझ्याकडे आहे, हाणामारी करायची तर नियमात करा.

हाफव्हॉली · रविवार, ००:१२

मफलरभाऊ, भावना पोचल्या, पण थोडं क्लबच्या बाजूनेही बघा की. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डमध्ये ७४ हजार बसतात. आर्सेनल २००६ मध्ये ६० हजारांच्या नव्या घरात गेलं. आपण ४५ हजारांवर अडकलेलो. सीझन तिकिटाच्या यादीत नाव घातलं तर नातवाला मिळेल अशी परिस्थिती. मॅचडेचं उत्पन्न नाही म्हणजे खेळाडू नाहीत, खेळाडू नाहीत म्हणजे तुम्ही-आम्ही इथे रडायला मोकळे. क्लब काय गावातल्या गल्ल्या रंगवायला काढलेला आहे का?

शिवाय ती वस्ती फक्त क्लबमुळे खचली असं म्हणणं अतिशयोक्ती आहे. गोदीचं काम आटलं, शहराची लोकसंख्या काही दशकांत निम्म्याच्या जवळ आली. रिकामी घरं अर्ध्या उत्तर लिव्हरपूलमध्ये होती. सरकारच्याच २००२ च्या गृहनिर्माण योजनेत आख्खे मोहल्ले पाडायला काढले आणि २०११ मध्ये पैसे बंद करून योजना अर्धवट सोडली. पत्रे ठोकायला शहराची कौन्सिलही (महापालिका) होतीच. सगळं खापर आपल्याच माथी का?

ओळंबा · रविवार, ०९:३०

मी बांधकामातला माणूस, फुटबॉल जेमतेम. पण या धाग्यात एक प्रश्न राहून जातोय: स्टेडियम वाढवायला शेजारची गल्ली लागतेच का? "वरती मजला चढवा की" असं बऱ्याच जणांना वाटतं.

खुर्च्या वर जात नाहीत, मागे जातात. प्रत्येक ओळीला पाय ठेवायला ऐंशीएक सेंटिमीटर खोली लागते. पुढच्याच्या डोक्यावरून मैदानाची जवळची कड दिसली पाहिजे. डोळ्यापासून निघणारी नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या किती मिलिमीटर वरून जाते ते मोजतात, ९० असेल तर उत्तम, ६० म्हणजे चालवून घ्या. जितकं मागे जाल तितका उतार तीव्र करावा लागतो, आणि साधारण ३४ अंशांच्या पुढे तो जिन्यासारखा होतो, माणसाला गरगरतं. त्यामुळे तिसरा मजला हवा असेल तर त्याचं बूड रस्त्यावर येणारच. वर जिने, लिफ्ट, स्वच्छतागृहं, खाण्याचे गाळे. आणि धोक्याच्या वेळी जास्तीत जास्त आठ मिनिटांत माणसं स्टँडबाहेर पडली पाहिजेत, हा ब्रिटनमधला दंडक. १९८९ च्या हिल्सबरो स्टेडियममधल्या चेंगराचेंगरीनंतर या गोष्टींशी तिथे कुणी खेळत नाही. बाहेर पडलेल्या वीस हजार माणसांना उभं राहायलाही जागा लागते. मेन स्टँडसमोर आज जो ऐसपैस चौक दिसतो, तो शोभेचा नाही. पूर्वी तिथे लोकांची माजघरं होती.

एक कौतुक मात्र करतो. जुना स्टँड चालू ठेवून त्याच्या पाठीमागे नवा उभा केला, संघाला दुसऱ्या मैदानावर बिऱ्हाड हलवावं लागलं नाही. हे काम सोपं नाही. पुढे ते बांधणारी कॅरिलियन कंपनी जानेवारी २०१८ मध्ये बुडाली. अ‍ॅनफिल्ड रोड स्टँडचं (याच मैदानाची दुसरी बाजू, जिच्यामुळे जागा ६१ हजारांवर गेल्या) काम घेतलेली बकिंगहॅम २०२३ मध्ये काम अर्धवट असतानाच कोलमडली. वरचा मजला त्या मोसमाच्या सुरुवातीला उघडायचा होता, तो डिसेंबरात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध अर्धामुर्धा उघडला. स्टँड बांधून श्रीमंत झालेला ठेकेदार मला तरी अजून भेटायचाय.

जागा मिळाली नाही तर काय होतं ते न्यूकॅसलला बघा. सेंट जेम्स पार्कच्या पूर्वेला लीझेस टेरेस ही १८३० च्या सुमाराची घरांची रांग आहे, सर्वोच्च दर्जाची संरक्षित वास्तू. तिला हात लावता येत नाही. म्हणून दोन बाजू आभाळाला टेकलेल्या आणि एक बाजू बुटकी. श्रीमंतांसाठी बांधलेल्या घरांना सरकारी संरक्षण, मजुरांच्या घरांना पत्रे. लोथेर रोडची घरंही शंभर वर्षांहून जुनीच होती.

तिसरा पंच · रविवार, ०९:४१

ओळंबासाहेब, शेवटची दोन वाक्यं म्हणजे थेट रेड कार्ड. मंजूर.

केम्लिन रोडच्या बहिणी कुणी आणल्या नाहीत अजून? मीच आणतो. अ‍ॅनफिल्डचाच दुसरा स्टँड, आज केनी डॅलग्लिशच्या नावाने आहे तो. ऐंशीच्या दशकात क्लबने मागची घरं घेत आणली, फक्त दोन वयस्क बहिणी हटल्या नाहीत. सगळी रांग पडली, यांचं घर उभं. शेवटी त्या कबूल झाल्या तेव्हा कुठे वरचा मजला चढला आणि १९९२ मध्ये, क्लबच्या शंभरीला, स्टँड खुला झाला. युरोप जिंकणाऱ्या क्लबला दोन म्हाताऱ्यांनी ऑफसाइड पकडलं.

नलू · रविवार, १४:२०

धाग्यात स्टेडियमजवळ राहिलेल्यांना लिहायला सांगितलंय म्हणून लिहिते. मला खेळातलं ओ की ठो कळत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही इंग्लंडमध्ये चार वर्षं एका स्टेडियमपासून दोन गल्ल्या सोडून भाड्याने राहत होतो. गाव आणि क्लब सांगत नाही. अ‍ॅनफिल्ड नव्हे.

पहिली गोष्ट, गोल झालेला घरात आधी कळतो. टीव्हीवर चित्र अर्ध्या मिनिटाने येतं, तोवर खिडकी थरथरून गेलेली असते. नवरा टीव्ही बघायचा, मी स्वयंपाकघरातून निकाल सांगायची. त्याला त्याचा फार राग यायचा.

दुसरी, गाडी. मॅचच्या दिवशी रहिवाशांचा परवाना काचेवर लावायचा, पाहुण्यांसाठी वेगळी चिठ्ठी, ती वर्षाला मोजकीच. म्हणजे घरी कुणाला बोलवायचं ते आधी फुटबॉलच्या वेळापत्रकात बघायचं. आणि ते वेळापत्रक एका जागी राहील तर शपथ. शनिवारी दुपारची मॅच टीव्हीवाल्यांच्या सोयीने सोमवारी रात्री आठला जाते. माझ्या मुलीचा वाढदिवस दोनदा असा हलला. सात हजार खुर्च्या वाढल्या की नाही याने मला फारसा फरक पडला नसता. रात्री साडेदहाला गाणी म्हणत जाणारे तीस हजार आणि सदतीस हजार, पाळण्यातल्या बाळाला सारखेच. वेळ बदलली की फरक पडतो.

तिसरी गोष्ट, चर्चासत्र. आमच्याकडेही स्टँड वाढवायचं घाटत होतं. विजेच्या खांबाला नोटीस बांधली, पावसात भिजून दोन दिवसांत तिचा लगदा. रहिवाशांशी "संवाद" ठेवला तो कामाच्या दिवशी दुपारी चारला. मी बाळ घेऊन गेले. मोठाले रंगीत फलक, त्यावर झाडं, कारंजी, सायकलवरची आनंदी माणसं. चित्रात एकही कचऱ्याचा डबा नव्हता. मी विचारलं, मॅचनंतर रस्ता कोण झाडतं? तो मुलगा फार गोड होता. म्हणाला, चांगला प्रश्न आहे, लिहून घेतो. त्याने खरंच लिहूनही घेतलं.

पण सगळं वाईटच होतं असं नाही हं. मॅचच्या दिवशी रस्त्यात इतके पोलीस आणि स्वयंसेवक असायचे की त्या संध्याकाळी मी सर्वांत निर्धास्त फिरायची. आणि समोरचे आजोबा पुढच्या अंगणात दोन गाड्या लावू द्यायचे, पैसे घेऊन. वर्षाची सहल त्यातून निघते म्हणायचे.

जमाखर्च · रविवार, १७:५५

नलूताईंचे आजोबा हे स्टेडियमच्या अर्थशास्त्राचं सगळ्यात प्रामाणिक उदाहरण आहे. त्यांना खरोखर पैसे मिळाले, कारण अंगण त्यांचं होतं.

प्रत्येक विस्ताराच्या वेळी एक अहवाल येतो: इतक्या नोकऱ्या, इतके कोटी, इतके पर्यटक. मार्च २०२५ मध्ये मँचेस्टर युनायटेडने एक लाख जागांच्या नव्या स्टेडियमची घोषणा केली तेव्हाचे आकडे बघा. आजूबाजूच्या पुनर्विकासासकट ९२ हजारांपर्यंत नोकऱ्या, १७ हजार घरं, देशाच्या अर्थव्यवस्थेत वर्षाला ७.३ अब्ज पौंड. यातल्या "पर्यंत" या शब्दाकडे लक्ष असू द्या, सगळं वजन तो एकटा उचलतो.

अमेरिकेत रॉजर नोल आणि अँड्र्यू झिंबालिस्ट यांच्यासारखे अर्थतज्ज्ञ नव्वदच्या दशकापासून सांगत आलेत की स्टेडियममुळे आसपासच्या अर्थव्यवस्थेत निव्वळ भर फारशी पडत नाही. कारण साधं आहे. माणसाच्या खिशातले मौजमजेचे पैसे ठरलेले असतात. ते मॅचवर गेले की सिनेमावर जात नाहीत. गल्लीत आले म्हणजे दुसऱ्या गल्लीतून आले. आणि लीगमध्ये घरच्या मॅच वर्षाला १९, कप धरून पंचवीस-तीस. उरलेले ३३५ दिवस तो चौक रिकामा. तिकीट तपासणारे, पेयं विकणारे हे त्या दिवसापुरते कामगार. कारखान्याशी तुलना करणं हास्यास्पद आहे.

लिव्हरपूलमध्ये नव्या मेन स्टँडच्या वाढीव जागांतला मोठा वाटा जेवणावळीसकटच्या महागड्या पॅकेजांचा होता. त्या प्रेक्षकाने आतच खायचं, आतच प्यायचं, हाच त्या धंद्याचा हेतू. मग बाहेरच्या दुकानाला काय उरतं? आणि सामान्य फॅनला? हाफव्हॉली, ६ फेब्रुवारी २०१६ आठवते ना? नव्या स्टँडमध्ये सर्वांत महाग तिकीट ७७ पौंड करणार म्हटल्यावर सुंदरलंडविरुद्ध ७७ व्या मिनिटाला हजारो लोक उठून गेले. तेव्हा आपण २-० ने पुढे होतो. मॅच २-२ सुटली. चार दिवसांत मालकांनी माफी मागून दर मागे घेतले. घरं पाडली तेव्हा कुठला स्टँड रिकामा झाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

हाफव्हॉली · रविवार, १८:२०

शेवटचं वाक्य लागलं. पण मग कौन्सिलने क्लबकडून वसूल करावं ना! इंग्लंडच्या नियोजन कायद्यात तरतूद आहे, परवानगी हवी तर परिसरासाठी अमुक करा, अशा अटींचा करार होतो.

जमाखर्च · रविवार, १८:४१

होतो, आणि सैलही होतो. लंडनच्या टॉटनहॅममध्ये २०११ ची दंगल झाली, तिथल्या क्लबने दुसरीकडे जायची भाषा केली, आणि २०१२ मध्ये हॅरिंगे कौन्सिलने त्या प्रकल्पातली परवडणाऱ्या घरांची अट सोडून दिली. क्लबकडे "आम्ही जातो" हा हुकमाचा एक्का असतो. वस्तीकडे काय असतं?

निळा शेजारी · रविवार, २१:१०

"आम्ही जातो" म्हणणारे खरंच गेले की काय होतं, ते आम्हाला विचारा.

एव्हर्टन, म्हणजे आमचा क्लब, मुळात अ‍ॅनफिल्डवरच खेळायचं हे इथे किती लालभाईंना आठवतं? १८९२ मध्ये मालक जॉन होल्डिंगशी भाड्यावरून वाजलं, आम्ही पार्कापलीकडे गुडिसनला गेलो, आणि रिकाम्या मैदानासाठी होल्डिंगने एक नवा क्लब काढला. तो तुमचा. म्हणजे तुमचा जन्मच जागेच्या भांडणातला. हलके घ्या.

गुडिसनलाही चारही बाजूंनी घरं, एका कोपऱ्यात तर सेंट ल्यूक चर्च. वाढायला इंचभर जागा नाही. वर्षानुवर्षं किंग्ज डॉक, कर्कबी असं हिंडून शेवटी नदीकाठी ब्रॅम्ली-मूर गोदीत जवळपास ५३ हजारांचं स्टेडियम बांधलं. एकही घर पाडावं लागलं नाही. गोदी बुजवली. जुलै २०२१ मध्ये युनेस्कोने लिव्हरपूलच्या बंदराचा जागतिक वारसा दर्जा काढून घेतला, त्याच्या कारणांत आमचं स्टेडियमही होतं. म्हणजे माणसं वाचवली तर इतिहासाने शिव्या घातल्या.

आणि मागे उरलेल्या वॉल्टनचं, गुडिसनभोवतीच्या वस्तीचं काय? मे २०२५ मध्ये पुरुष संघाची गुडिसनवरची शेवटची मॅच झाली. १३३ वर्षं ज्या पबमध्ये मॅचआधी पाय ठेवायला जागा नसायची, त्याने शनिवारी दुपारी काय करायचं? मैदान पाडायचंच ठरलं होतं, मग महिला संघाला दिलं, म्हणून निदान दिवे लागतात. लोथेर रोडवाल्यांना स्टेडियम नको इतकं जवळ आलं, आमच्या गल्लीपासून ते निघून गेलं. यातलं कुठलं बरं, ते मला अजून ठरवता येत नाही.

रेषा · सोमवार, १०:०२

जमाखर्च यांच्या "अंगण कुणाचं" या मुद्द्याला धरून एक. मैदानाच्या कॉप नावाच्या स्टँडपासून हाकेच्या अंतरावर मिचेल्स नावाची जुनी बेकरी होती. वस्ती रिकामी होत गेली तशी ती बंद पडली, तिची इमारतही पाडायच्या पट्ट्यातली. २०१० मध्ये लिव्हरपूल बिएनाले या कलामहोत्सवाच्या निमित्ताने येनं फान हेस्वाइक ही डच कलाकार आली. तिने शिल्पबिल्प न उभारता स्थानिक लोकांना घेऊन एकच विचारलं, या इमारतीचं काय करायचं? त्यातून 'होमबेक्ड' उभी राहिली. बेकरी सहकारी, आणि इमारतीसाठी वस्तीचा स्वतःचा जमीन-न्यास. मॅचच्या दिवशी त्यांच्या 'पाय'साठी (सारण भरून भाजलेल्या पदार्थासाठी) रांग लागते.

म्हणजे स्टँड वाढल्याचा फायदा त्यांना थेट होतो. पण स्टँड वाढला म्हणून बेकरी जगली असं नाही. भिंती, भट्टी आणि जमीन आधीच वस्तीच्या ताब्यात होती, म्हणून गर्दीचे पैसे तिथे थांबले. नाहीतर तीच जागा मोक्याची म्हणून एखाद्या साखळी-दुकानाने घेतली असती.

उन्हाळ्याबद्दलही कुणी बोललं नाही. पूर्वी मे संपला की ऑगस्टपर्यंत शांतता असायची. आता मोठे स्टँड म्हणजे मोठ्या मैफली. जून २०२४ मध्ये टेलर स्विफ्टचे अ‍ॅनफिल्डला लागोपाठ तीन रात्री कार्यक्रम झाले. माद्रिदमध्ये रियाल माद्रिद क्लबच्या बर्नाबेऊ स्टेडियमचं नूतनीकरण झालं आणि शेजाऱ्यांनी आवाजावरून इतकं रान उठवलं की त्याच वर्षी सप्टेंबरात क्लबला कार्यक्रम थांबवावे लागले. फुटबॉलचा गोंगाट लोक आपला मानतात, हा मानत नाहीत.

लाल मफलर · सोमवार, २१:३३

धागा माझ्या हाताबाहेर गेला, याचा आनंद आहे.

हाफव्हॉली, गोदी आणि शहराच्या घसरणीचं मान्य. मी सगळं क्लबवर ढकललं, ते एकांगी झालं. पण पडत्या भिंतीला कुणी हात दिला आणि कुणी धक्का दिला, यात फरक आहेच की. त्याच मैदानाबाहेर २०१५ पासून दोन्ही क्लबांचे फॅन मिळून मॅचआधी गरजूंसाठी शिधा गोळा करतात, लाल-निळे एकत्र. म्हणजे फॅनला वस्ती दिसते. फक्त तिकिटाचा दर जितका चटकन दिसतो तितकी चटकन दिसत नाही. यात मीही आलो. २०१६ मध्ये नवा स्टँड टीव्हीवर बघून मी शिट्टी मारली होती, आणि पत्रे तर मी डोळ्यांनी पाहिले होते.

अ‍ॅनफिल्ड रोड स्टँडच्या वेळी मात्र गोष्ट बरी घडली असं दिसतं. पाडायला घरं नव्हती, रस्ता वळवून पार्काच्या बाजूने नेला, परवानगी जून २०२१, काम सप्टेंबरात सुरू. ठेकेदार बुडाला तो भाग वेगळा. पण लोकांना निदान तारखा माहीत होत्या.

ओळंबा · सोमवार, २२:०८

एक शंका राहते. तुम्ही म्हणता बांधकामापेक्षा वाट पाहणं वाईट. आमच्या धंद्यात याच्या उलट शिकवतात: घाईने पाडू नका, लोकांना वेळ द्या, पर्याय तपासा. स्टॅन्ली पार्कचा बेत बारगळला नसता तर कदाचित लोथेर रोड उभा राहिला असता. नुसत्या चर्चेने घर कसं पडेल? माझ्यातल्या इंजिनिअरला हे पटत नाही.

नलू · सोमवार, २३:१५

ओळंबाजी, पडतं. कसं ते सांगते.

आमच्या शेजारी एक आजी राहायच्या, एकट्या. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरातला नळ गळायचा, खाली पातेलं ठेवलेलं. फरशी उखडलेली, एका भिंतीला ओल. बाई टापटिपीची, कपडे इस्त्रीचे, बाग बघण्यासारखी. मला कोडंच पडायचं. ओळख वाढल्यावर एकदा विचारलं. म्हणाल्या, क्लब ही रांग घेणार आहे ना, मग कशाला खर्च करायचा. कधी सांगितलं? सहा वर्षांपूर्वी. कुणी? तसं कुणी नाही, पण सगळे म्हणतात.

पलीकडच्या घरातल्या जोडप्याला घर विकायचं होतं, तर बघायला येणारा प्रत्येक जण तीच बातमी ऐकून परत जायचा. शेवटी त्यांनी भाड्याने दिलं, मिळेल त्याला. वरच्या कोपऱ्यावरचं घर कुणीतरी गुंतवणूक म्हणून घेऊन कुलूप लावून ठेवलं. कुणी काही पाडलं नव्हतं. विटेलासुद्धा हात लागला नव्हता.

आम्ही परत यायच्या आधीच्या वर्षी आराखडे जाहीर झाले. मी त्या चारच्या सभेला गेले होते ना, तेच. स्टँड वाढणार होता तो मैदानाच्या दुसऱ्या बाजूला. आमची रांग त्या नकाशात नुसती राखाडी होती, नावसुद्धा नव्हतं.

मी घरी येऊन आजींना सांगितलं. त्यांनी पुन्हा विचारलं, नक्की ना? मग उठून पातेल्यातलं पाणी बागेत ओतून आल्या, आणि पातेलं परत नळाखाली ठेवलं. प्लंबर पुढच्या आठवड्यात आला.

तिसरा पंच · सोमवार, २३:२२

नलूताई, दंडवत.